नाव शेवटी सांगायचं

कौसे, जानेवारीतला आपला थोर स्त्रियांचा कार्यक्रम झाला. तुझ्याशिवाय झाला आणि चांगला झाला, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तू पुढचं काही धड ऐकायची नाहीस. माइक मध्येच घरघरला, सतरंज्या कमी पडल्या, आणि चहात साखर कोणी टाकली कोण जाणे, नुसता पाक झाला होता. बाकी सगळं जिथल्या तिथं.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. लोक विचारतात, "मॅडम, करमते का?" काय सांगायचं त्यांना? एका शाळेत, एका स्टाफरूममध्ये, खेटून लावलेल्या टेबलांवर आपण सगळी नोकरी भांडत काढली. मी गणित शिकवायची, तू सोशल. तामसीहून आदिलाबादला जायला बसमध्ये चढलं की तिथंही तेच. कंडक्टर म्हणायचा, "मॅडम, पहिले तिकीट घ्या, झगडा मंग करा." आता तोच कंडक्टर माझ्याशी दवाखान्यात बोलावं तसं हळू बोलतो. मला राग येतो त्याचा. बिचाऱ्याचा काही दोष नाही, तरी येतो.

तुझ्या जलदानाच्या दिवशी, म्हणजे आमच्याकडच्या तेराव्यासारख्या विधीला, मी आले होते. वंदना झाली, मग आदरांजलीची भाषणं सुरू झाली. तुमच्याकडं ही एक पद्धत आहे, गेलेल्या माणसाबद्दल ज्याला बोलायचं त्यानं माइकवर उभं राहून बोलायचं. ऊन कलेपर्यंत लोक बोलत होते. तू मायाळू होतीस, शांत होतीस, कधी कोणाला दुखावलं नाहीस. शांत! मी मांडी बदलत बसले. मलाही बोलायला बोलावलं. मी उठले, माइक धरला, आणि म्हणाले, "ती फार भांडकुदळ होती." एवढंच बोलून खाली बसले. तुझी नणंद तेवढी हसली.

त्याच माइकवर हेडमास्तर सारांनी जाहीर केलं की यंदाच्या कार्यक्रमात शेवटची थोर स्त्री म्हणजे आपल्या कौसल्या मॅडम, आणि मॅडमचं काम दहावीची अश्विनी करील. मांडवभर टाळ्या पडल्या. खरं सांगू? मीही वाजवल्या. जोरात वाजवल्या. कारण आपल्या सगळ्यात जुन्या भांडणात मी जिंकले होते, आणि तू उलटून बोलायला नव्हतीस.

ते भांडण तुला आठवतंय, मला माहीत आहे. पण हे लिहिलेलं दुसरं कोणी वाचलं तर त्याला कळायला हवं, म्हणून सांगते.

आधी आपल्या शाळेतही चारचौघांसारखाच कार्यक्रम व्हायचा. मुली नऊवारी नेसून यायच्या, कागदावरचं पाठ म्हणायच्या, "मी अमुक बोलतेय" म्हणून हार घालून घ्यायच्या, पेढा खाऊन घरी. तू आलीस आणि ते सगळं मोडलंस. मुलीनं नाव घ्यायचं नाही. शाळेच्या ओट्यावर उभं राहून त्या बाईचं आयुष्य सांगायचं, आणि समोर बसलेल्या गावानं प्रश्न विचारून तिला ओळखायचं. नाव शेवटी. "नाव पहिले सांगतलं की लोक हात जोडते आन् कान बंद करते," असं तू म्हणायचीस. ओट्यावर चढलेली पोरगी कोणाचीही असो, तिला अहोजाहो करायचं, बाई म्हणायचं. सख्ख्या आईनं सुद्धा. आणि मुलीनं थापा मारायच्या नाहीत. माहीत नसेल तर "माहीत नाही, शोधून सांगेन" म्हणायचं.

सुरुवातीला गाव नुसतं धिंगाणा घालायचं. देशातली पहिली मुलींची शाळा काढणारी बाई आली की पोरीच्या तोंडून 'शेण' शब्द निघायचा अवकाश, मागून सगळे एका सुरात नाव ओरडायचे. खेळ खलास! मग तू फर्मान काढलंस, "शेण सोडून सांग." वर्गातल्या मुली रडकुंडीला आल्या. शेण सोडून सांगायचं काय? मग लागल्या वाचायला. ती कविता लिहायची, फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं तिनं घरात केली, प्लेगमध्ये आजारी पोराला पाठीवर घेऊन चालत गेली आणि त्यातच गेली. त्या वर्षी ओळखायला लोकांना इतका वेळ लागला की चहा गार झाला. आणि नाव कळलं तेव्हा म्हातारेकोतारे म्हणाले, आपली बाई, आणि आपल्यालाच एवढी कमी माहीत.

बसमधली जागा सोडली नाही म्हणून पोलिसांनी धरून नेलेली ती परदेशातली शिलाईकाम करणारी बाई आली होती, तेव्हा आपल्या बाया म्हणाल्या, "मंग आमी तं रोजच जेलात पाह्यजे." अपघातात हाडं मोडलेली, खाटेवर पडून आरशात बघत स्वतःचंच चित्र काढणारी बाई आली, तेव्हा तुझी नणंद उठली आणि तिनं पहिल्यांदा तो प्रश्न विचारला, "बाई, तुमी खाटंवर, मंग सैपाक कोन करे?" सगळे खो खो हसले. तू नाही हसलीस. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणालीस, यापुढे ज्या मुलीला या प्रश्नाचं उत्तर शोधता येणार नाही तिनं ओट्यावर चढायचं नाही. राणी असो की शास्त्रज्ञ, तिच्या घरची चूल कोण पेटवत होतं हे माहीत पाहिजे. मी म्हटलं, अगं हे कुठल्या पुस्तकात मिळणार? तू म्हणालीस, "नाही भेटलं तं तेबी सांगाव. पुस्तकवाल्याइले इचारावंच नाही वाटलं, असं सांगाव."

आता भांडण. मी म्हणायची, सगळ्या बाहेरच्या बाया झाल्या, एखादी गावातली आण ना. सुईण बायजाबाई आण. अर्ध्या तामसीची नाळ तिनं कापली. तू दरवर्षी नाही म्हणायचीस. दरवर्षी! मी चिडून म्हणायची, तुला आपल्या मातीतल्या बाईची लाज वाटते. एकदा बस सुटायची वेळ झालेली, आणि तू स्टँडवर माझा हात धरून बोललीस. ते शब्द मला पाठ आहेत. "शके, माय थोर हाय हे सांगाले शाळा कायले पाह्यजे? घरोघरी तेच सांगते आन् तिले राबवते. पोरीइले दूरच्या बाया दाखव. पाय उचलल्याशिवाय जिथं जाताच येत नाही तिथल्या दाखव." मी म्हटलं, म्हणजे गावात राहिलेल्या बाईची किंमत शून्य? तू म्हणालीस, "किंमत हाय म्हनूनच तिचा फोटो बनवून भिताडाले नको टांगू." बस सुटली. दुसरी दीड तासानं आली. तेवढा वेळ आपण एकाच बाकड्यावर तोंडं फिरवून बसलो होतो, आणि तू मध्येच तुझ्या डब्यातली चटणी-भाकर माझ्याकडं सरकवलीस. मी खाल्ली, पण बोलले नाही.

तर जलदानाच्या मांडवात मी टाळ्या वाजवल्या त्या याच्यासाठी. गावातली बाई अखेर ओट्यावर चढणार होती, आणि ती तू होतीस. मी घरी येऊन तुझं भाषण मनातल्या मनात लिहायलाही घेतलं. अश्विनीला काय काय सांगायचं, तू कशी चालायचीस, पदर कसा खोचायचीस. सगळ्यांना रडवायचं ठरवलं होतं मी.

दोन-तीन दिवसांनी मधल्या सुट्टीत अश्विनी आली. तुझी लाडकी, तोंडानं फटकळ, नखं खायची सवय. दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, मले कौसल्या मॅडम नाही व्हाचं."

मला धक्काच बसला. म्हटलं, "काऊन? मॅडमवर जीव नाही का तुहा?"

"हाय. म्हनूनच. माह्या बाबाले त्यायनंच बलावलं हाय. बाबा मले पाह्याले येनार हायेत, मॅडमले नाही."

तेव्हा तिनं सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. इतकं बोलायचीस, हे बोलली नव्हतीस. अश्विनीला इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, आदिलाबादला जायचंय, बायपीसी, म्हणजे जीवशास्त्राचा गट घेऊन, वसतिगृहात राहून. आपली शाळा दहावीला संपते आणि मराठीही तिथंच संपते. पुढं सगळं तेलुगू आणि इंग्रजी. तिचा बाप माधव हंगामात भैंशाच्या कापसाच्या जिनिंगला कामाला असतो. त्याचं म्हणणं, एकटी पोरगी, परकी भाषा, काही बरंवाईट झालं तर? दहावी झाली की बस. तू दिवाळीत त्याच्या घरी गेलीस, त्याच्याशी वाद घातला नाहीस, हेच नवल. फक्त म्हणालीस, "आधी तिले ओट्यावर ऐकाले या. मंग काय ठरवाचं ते ठरवा. मी एक शब्द बोलनार नाही." आणि त्यानं कबूल केलं. अश्विनीला बाईही तूच निवडून दिली होतीस आणि ती पावसाळ्यापासून तयारी करत होती.

"मी मॅडम झाली तं समदे रडतीन," अश्विनी म्हणाली. "बाबाबी रडतीन. रडले की झालं. घरी जातीन."

कौसे, त्या पोरीच्या बोलण्यात तू होतीस. मला तुझ्या आठवणीनं नाही, तुझ्या मुद्द्यानं हरवलं तिनं.

मी हेडमास्तर सारांकडं गेले. मूळचे निर्मलचे, माणूस भला. ते म्हणाले, "मॅडम, मी जाहीर केलं. गाव काय म्हणेल? तुमचीच मैत्रीण ना?" मी म्हटलं, कार्यक्रमाच्या आधी तिच्या फोटोला फुलं वाहू, दोन मिनिटं उभे राहू, पण ओटा तिच्या नियमानं चालू द्या. सार नाइलाजानं हो म्हणाले. पण बातमी तुमच्या वस्तीत पोचायची ती पोचलीच. शकुंतला मॅडमनं कौसल्या मॅडमचं नाव कापलं.

पुढचं सांगायला नको, गाव तुला माहीत आहे. मी कुणब्याची, तू बौद्धाची. इतकी वर्षं एका डब्यात जेवलो तेव्हा कोणी हा हिशेब मांडला नव्हता, आता मांडला. तुझ्या गल्लीतून जाताना ज्या पोरांना मी पाढे शिकवले ती पोरं "जय भीम, मॅडम" म्हणायची ती नुसती बघायला लागली. एकानं तोंडावर विचारलं, "आमची बाई तुमच्या ओट्याले चालत नाही का?" मला त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, हा तिचाच नियम आहे, मी तर वर्षानुवर्षं याच्याच विरुद्ध भांडले! कोण विश्वास ठेवणार होतं? ज्या मताशी माझं कधी पटलं नाही त्या मतासाठी मी शिव्या खात होते, आणि ज्या बाईचं ते मत ती साक्ष द्यायला नव्हती. फार राग आला तुझा. घरी येऊन भांडी आपटली. मग तुझ्या नणंदेकडं गेले आणि सगळं सांगितलं. ती पाणी देऊन म्हणाली, "वहिनी अशीच होती. स्वतःच्या लग्नातबी फोटो काढू देत नव्हती." ती कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्या रांगेत येऊन बसली, माझ्या बाजूला. गावासाठी तेवढं पुरलं.

दुपारी कार्यक्रम सुरू झाला. थंडी अशी की उन्हातसुद्धा लोक शाली पांघरून होते. तुझ्या फोटोला फुलं वाहिली. राणी झाली, गायिका झाली, लोकांनी ओळखल्या. मग अश्विनी ओट्यावर आली. माधव मागं भिंतीला टेकून उभा होता, बस म्हटलं तरी बसेना. भैंशाहून सकाळी निघून आला होता, केसांत कापसाचे तंतू तसेच.

अश्विनी बोलायला लागली. "माझ्या देशावर परक्यांचं राज्य होतं. शाळेत आमची भाषा बोलायला बंदी होती. आमच्या बाई चोरून आमच्या भाषेत शिकवायच्या, तपासणीवाला आला की पुस्तकं लपवायचो. आई लहानपणीच गेली. बाप मास्तर होता, पण पैसा नव्हता. बायांना तिथं कॉलेजात घेत नव्हते. मी लोकांच्या घरी राहून त्यांची पोरं शिकवली. मग परमुलखात गेले, परक्या भाषेत शिकले. थंडीत अंगावर होते नव्हते ते सगळे कपडे टाकून झोपायची. गळक्या शेडमध्ये मी आणि माझ्या नवऱ्यानं ढिगारेच्या ढिगारे दगडमाती उकळली आणि त्यातून जगाला माहीत नसलेलं, अंधारात चमकणारं काहीतरी काढलं."

"बाई, सैपाक कोन करे?" नणंदच. दुसरी कोण विचारणार?

"लग्नाच्या आधी मला येतच नव्हता. नंतर शिकले. पोरींना माझे सासरे सांभाळायचे."

"सासरा?" बायांमध्ये हशा पिकला. "माय वं! कुठं भेटते असा?"

"मग एक दिवस माझा नवरा रस्त्यावर गाडीखाली आला. जागेवर गेला. त्याची शिकवायची जागा मला दिली. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं मी काही बोलेन, रडेन. मी वर्गात गेले आणि त्याचा धडा जिथं थांबला होता तिथून पुढं शिकवायला लागले."

सतरंजीवर चुळबुळ झाली, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "अवो, ह्या तं आपल्या कौसल्या मॅडम!"

मग सगळ्याच बाया बोलायला लागल्या. हो ना वं. मॅडमचे मालक, मास्तर, नेरडीगोंड्याच्या हायवेवर ट्रकखाली गेले नव्हते का? त्यायच्याच जागेवर मॅडम आल्या. त्यायच्याच वर्गावर. लेकरं घेऊन परक्या गावात आल्या. कौसल्या मॅडमच! नणंदेनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मला, कौसे, इतकी वर्षं शेजारी बसून हे दिसलं नव्हतं. आणि तुला? ही बाई अश्विनीला तू निवडून दिलीस. तुला दिसलं नव्हतं होय? गावातली बाई ओट्यावर नको म्हणून माझ्याशी बस चुकवून भांडलीस आणि हे असं? मला उत्तर हवंय. तू देणार नाहीस, आणि हे भांडण आता असंच राहणार.

ओट्यावर पोरीचे डोळे भरले होते. तिनं 'हो' म्हटलं असतं तर गावानं तिला खांद्यावर घेतलं असतं. हेडमास्तर सार तर रुमाल काढून उभेच राहिले होते. ती नख खायला तोंडाकडं नेलेला हात खाली घेऊन म्हणाली, "नाही. मी त्या नाही. अजून विचारा."

लोकांना दुसरी बाई नकोच होती. मग मागून भिंतीपासून आवाज आला. माधव.

"बाई," तो म्हणाला. स्वतःच्या लेकीला. "बाई, तुमी एकट्या परमुलखात गेल्या. भाषा परकी. तुमच्या बापानं तुमाले जाऊ देल्लं कसं?"

अश्विनीनं त्याच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ही लेक म्हणून बोलणार. नाही बोलली. तिनं जे वाचलं होतं तेच सांगितलं.

"आम्ही बहिणींनी आपसात ठरवलं. आधी मी कमावून मोठीला शिकायला पैसे पाठवले, मग तिनं मला बोलावलं. बापाजवळ द्यायला काही नव्हतं. भीती त्यालाही वाटली असेल, पण ते पुस्तकात नाही. त्यानं फक्त नाही म्हटलं नाही."

माधवनं डोक्यावरून हात फिरवला. इकडं तिकडं पाहिलं. सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं.

"मंग मीबी नाही म्हनत नाही," तो म्हणाला, आणि तिथंच मातीत खाली बसला.

तू गेल्यापासून मला नीट रडू आलं नव्हतं, कौसे. तेव्हा आलं. सगळ्यांच्या देखत, तोंडावर पदर न घेता.